गरोदरपणातली साखर, मोजलेली भाकर आणि घरचे तूप

वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात मी राहते. पहिल्या गरोदरपणात, डिसेंबर २०२३ मध्ये, मला गरोदरपणातील मधुमेहाचे निदान झाले आणि तेव्हापासून मुलगी सहा महिन्यांची होईपर्यंत मी कर्बोदके आटोक्यात ठेवलेला, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ वाढवलेला आहार घेतला. त्या काळात मी मोबाईलवर पुष्कळ शोधले. परंतु जे सापडले ते बदामाचे पीठ, चीज आणि ॲव्होकॅडो यांच्याविषयी होते, आणि आमच्या ताटात असतात ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. ज्या बाईच्या हाती असा रिपोर्ट पहिल्यांदा पडेल, तिला पुढे काय काय होते याची कल्पना यावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यातील ग्रॅमचे आकडे माझ्यासाठी ठरवलेले होते. प्रत्येकीने आपले प्रमाण डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे.

ऑगस्ट २०२३ मध्ये आशाताईंनी उपकेंद्रात माझी नोंदणी करून दिली, माता बाल संरक्षण कार्ड हाती आले आणि त्याच दिवशी साखरेची पहिली तपासणी झाली. ती १०८ आली. आशाताईंनी तेव्हाच बजावले होते की ही तपासणी एकदा करून भागत नाही, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती पुन्हा करावी लागते, कारण वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, जसजशी वाढते तसतसे तिच्यातून स्रवणारे संप्रेरक आईच्या इन्सुलिनचा प्रभाव कमी करतात आणि पहिल्या तिमाहीत चांगली असलेली साखर नंतर चढू शकते. ही दुसरी तपासणी अनेकींची राहून जाते, विशेषतः सातव्या महिन्याच्या आधी माहेरी गेलेल्या मुलींची. तिचा दिवस कार्डावर आधीच लिहून घ्यावा.

माझी दुसरी तपासणी ९ डिसेंबरला झाली. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांची मोफत तपासणी असते आणि त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर येतात, म्हणून गर्दीही पुष्कळ असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात घालून ते पाच-दहा मिनिटांत प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे, अशी ही पद्धत आहे. यासाठी उपाशी जाण्याची अट नसते, हे मला ठाऊक नव्हते. पाणी अतिशय गोड असते आणि मळमळ होते. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, म्हणून घोट घोट घेत, सावलीत शांत बसून ते पिणे बरे. दोन तासांनंतरचा आकडा १४० किंवा त्याहून अधिक आला तर गरोदरपणातील मधुमेह धरतात. माझा आकडा १५६ होता. डॉक्टरांनी कार्डावर लाल खूण केली, म्हणजे ‘जोखमीची माता’, आणि वर्ध्याच्या मोठ्या रुग्णालयाच्या नावे संदर्भ चिठ्ठी दिली.

माझ्या आईला चाळिशीतच मधुमेह झाला होता, त्यामुळे हा शब्द माझ्यासाठी नवा नव्हता. तरीही घरी येईपर्यंत मी रडत होते. आमच्याकडे साखरेचा आजार म्हणजे म्हातारपणाचा आजार अशी समजूत आहे. सासूबाईंना वाटले की गोड खाणे बंद केले की प्रश्न मिटेल. नागपूरच्या नणंदबाईंनी त्याच रात्री फोनवर वेगळा मार्ग सुचवला. त्यांनी आदल्या वर्षी भाकर, भात, पोळी, फळे सगळे सोडून केवळ अंडी, पनीर, लोणी आणि भाज्या यांवर काही महिने काढले होते, वजन पुष्कळ उतरले होते आणि त्यांच्या रक्तातली साखरही सुधारली होती. त्यांचे म्हणणे तर्काला धरून वाटत होते: साखर धान्यातून वाढते, तर धान्यच नको. मी तो आहार सुरू करण्यापूर्वी वर्ध्याला विचारून घ्यायचे ठरवले.

१३ डिसेंबरला आम्ही एसटीने वर्ध्याला गेलो. महिलांना तिकिटात निम्मी सवलत असल्यामुळे माझ्या वाट्याचा प्रवासखर्च नगण्य राहिला, ही त्या वर्षातली मोठी सोय होती. रुग्णालयातील क्रम असा होता की आधी नोंदणीच्या खिडकीवर केसपेपर काढायचा, नंतर स्त्रीरोग विभागात रांग, तेथून रक्त-लघवीच्या तपासण्या, आणि त्यांचे कागद घेऊन शेवटी आहारतज्ज्ञांची खोली. सकाळी साडेआठला पोहोचूनही आहारतज्ज्ञ मॅडमसमोर बसायला दुपारचे दोन वाजले. अशा दिवशी पिशवीत पाण्याची बाटली, भाजलेले फुटाणे आणि भाकर-भाजीचा डबा असावाच, कारण गरोदर बाईने इतका वेळ उपाशी राहणे हाच मोठा अपाय आहे. ते असे का, याचा उलगडा मला त्याच खोलीत झाला.

मी मॅडमना सरळ विचारले की धान्य पूर्ण बंद करून तूप, अंडी आणि भाज्या यांवर राहिले तर चालेल का. त्यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्या म्हणाल्या की कर्बोदके कमी करण्याचा विचार योग्य दिशेने आहे, पण गरोदरपणात त्याला खाली एक मर्यादा असते. गरोदर शरीर उपाशीपणी इतरांपेक्षा लवकर चरबी जाळू लागते आणि त्यातून कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ तयार होतात. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि बाळाचे मुख्य इंधन तर आईच्या रक्तातून मिळणारे ग्लुकोज असते. म्हणून गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे धरले जाते, आणि नणंदबाईंच्या आहारात ती साधारण ५० ग्रॅमच्याही खाली असतात. “तुम्ही भाकर सोडायची नाही, तिची दिवसभर वाटणी करायची,” हे त्यांचे वाक्य मी त्याच कागदावर लिहून घेतले आणि पुढचे सगळे महिने त्याच एका सूत्रावर काढले.

घरी आल्यावर आर्वीहून ३५० रुपयांचा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि ९५० रुपयांचे साखर मोजण्याचे यंत्र आणले. पन्नास पट्ट्यांची डबी सुमारे ७५० रुपयांना पडली, आणि खरा खर्च या पट्ट्यांचाच असतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा पहिला ३,००० रुपयांचा हप्ता जानेवारीत खात्यात आला आणि तो बहुतेक यातच गेला. हा हप्ता आधार जोडलेल्या खात्यातच येतो, तेव्हा बँकेतली जोडणी नोंदणीच्या वेळीच तपासून घ्यावी. आमच्या गावातल्या दोघींचे पैसे केवळ याच कारणाने अडकले होते.

वजनकाट्याने पहिली गोष्ट ही दाखवली की आमच्या घरची एक भाकर म्हणजे जवळजवळ ८० ग्रॅम पीठ असते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके धरली, तर एका भाकरीतच ५५ ग्रॅमच्या आसपास होतात, आणि मी जेवणात अशा दोन खात होते, वर भात वेगळा. आता सकाळी ३० ग्रॅम पिठाची लहान भाकर आणि दोन अंडी, दुपारी ६० ग्रॅमची भाकर, वाटीभर घट्ट वरण, मोठी वाटी पालेभाजी आणि दही, रात्री ४० ग्रॅमची भाकर, पुन्हा वरण किंवा डाळभाजी आणि भाजी, असे मुख्य जेवण ठरले. मधल्या वेळांना मूठभर फल्लीदाणे, फुटाणे, एक ग्लास बिनसाखरेचे दूध, दुपारी चार वाजता एक संत्रे. हे सगळे मिळून १९० ते २०० ग्रॅम कर्बोदके होत होती. पोट भरत होते ते प्रथिनांनी आणि स्निग्ध पदार्थांनी.

स्निग्ध पदार्थ बाहेरून आणावे लागले नाहीत, याचे मला फार समाधान वाटते. आर्वी-कारंजाचा भाग गवळाऊ गाईंचा. आमच्याकडेही एक आहे आणि तिचे तूप घरचेच. दुपारच्या भाकरीवर दोन आणि रात्री एक चमचा तूप, जवसाची चटणी एक चमचा, तिळाची चटणी, भाजीत शेंगदाण्याचा कूट, असे ते दिवसभर विखुरलेले होते. तुपाने साखर वाढत नाही, आणि स्निग्धांश व प्रथिने सोबत असली की भाकरीतली साखर रक्तात हळूहळू उतरते, हे यंत्रावर स्पष्ट दिसत होते: कोरडी भाकर आणि पातळ रश्श्यानंतर जो आकडा १३० च्या पुढे जाई, तोच वरण, दही आणि तुपासोबत ११५ च्या आत राही. तरीही तूप कितीही चालते असा अर्थ कोणी घेऊ नये. आठव्या महिन्यात पोट वर सरकल्यावर तेलकट-तुपकट जेवणाने छातीत आग पडू लागली, तेव्हा रात्रीचा चमचा मॅडमना विचारून कमी केला.

सासूबाईंना भाकर काट्यावर ठेवणे सोसवत नसे. “पोटात लेकरू हाये, अन् तू भाकर मोजून खातं काय वं?” असे त्या रोज म्हणत, आणि त्यांच्या बोलण्यातली काळजी खरी होती, कारण त्यांच्या काळी गरोदर बाईला पोटभर मिळत नसे हेच दुःख होते. त्यांना वाद घालून पटले नाही. एका दुपारी त्यांच्यासमोर जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचून १०९ हा आकडा दाखवला आणि आदल्या आठवड्यात पाहुण्यांकडे भात खाल्ल्यावरचा १४६ वहीत दाखवला, तेव्हापासून त्या स्वतः पिठाचा गोळा काट्यावर ठेवू लागल्या. घरच्यांना आकडा दाखवावा, असे मी प्रत्येकीला सांगेन.

तो हंगाम माझ्या मदतीला होता. डिसेंबर-जानेवारीत तुरीच्या ओल्या शेंगा निघतात. सोल्यांची भाजी आणि वांगी-सोले हे प्रथिनांचे उत्तम जेवण झाले. हरभऱ्याचा कोवळा पाला, मेथी, पालक, चाकवत भरपूर होते. हुरडा मात्र दोन चमच्यांवर थांबवावा लागला, कारण कोवळा असला तरी तो ज्वारीच आहे. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीला होता आणि बागेत काम करणाऱ्या माणसाच्या घरात संत्री मोजून खाणे कठीण असते. पण अख्खे एक संत्रे सालीखालच्या पांढऱ्या रेषांसकट खाल्ले तर चालते आणि चार संत्र्यांचा पेलाभर रस चालत नाही, हा फरक मी कटाक्षाने पाळला. १५ जानेवारीच्या संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला घरोघरी जाणे आले. तिळगूळ नाकारला की माणसे दुखावतात, म्हणून मी तो पदरात घेऊन घरी आणत असे आणि सासूबाईंनी गुळाऐवजी भाजलेले तीळ-दाणे कुटून बांधलेली लहान चिक्की जवळ ठेवत असे.

२७ डिसेंबरच्या फेरतपासणीत दोन तासांनंतरची साखर ११४ आली. १२० च्या आत ठेवायची होती, म्हणून औषध लागले नाही. परंतु सकाळच्या लघवीत कीटोन दिसले. मॅडमनी विचारल्यावर कारण समजले: आमच्याकडे संध्याकाळी सातलाच जेवण होते आणि सकाळी मला नऊशिवाय खायला होत नव्हते, म्हणजे चौदा तास पोट रिकामे. त्यांनी रात्री साडेदहाला एक पेला दूध आणि अर्धी लहान पोळी वाढवली आणि सकाळचा नाश्ता साडेसातला आणला. पुढच्या वेळी कीटोन नव्हते. कर्बोदके कमी करणाऱ्या गरोदर बाईने साखरेइतकेच या तपासणीकडेही लक्ष द्यावे, कारण साखरेचा आकडा सुंदर दिसत असतानाही बाळाच्या वाट्याला कमी जात असू शकते. प्रत्येक भेटीत वजन आणि सोनोग्राफीत बाळाची वाढ पाहत होते, तेही याचसाठी.

७ फेब्रुवारीला, तेहेतिसाव्या आठवड्यात, आहार तोच असूनही आकडा १३४ आला. दोन दिवसांनी पुन्हा तसाच. डॉक्टरांनी सकाळच्या नाश्त्यापूर्वी अर्धा तास चार युनिट इन्सुलिन सुरू केले. तो दिवस मला निदानाच्या दिवसापेक्षाही जड गेला. इतके मोजून, इतके टाळून शेवटी सुई आलीच, असे वाटत राहिले. डॉक्टरांनी समजावले की शेवटच्या तिमाहीत वारेचा जोर सर्वांत अधिक असतो, काहींच्या शरीराला तो आहाराने पेलत नाही, आणि इन्सुलिन टाळण्यासाठी भाकर आणखी कमी करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. आकडा सुधारावा म्हणून जेवण गाळणाऱ्या बायका मी त्या रांगेत पाहिल्या आहेत. इन्सुलिन वारेतून बाळापर्यंत जात नाही, आणि सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळाले. घरी ते शीतकपाटाच्या दारात ठेवत होते. वीज फार वेळ गेली की कुपी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठाजवळ ठेवायला परिचारिकेने शिकवले होते. इन्सुलिन गोठवू मात्र नये. हात थरथरणे, घाम येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. त्यासाठी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची, म्हणून साखरेची पुडी पदरी असावी.

फेब्रुवारीअखेर मी माहेरी, सेलू तालुक्यात गेले, कारण तेथून वर्धा जवळ. मधुमेह असलेल्या मातेला एकोणचाळीस आठवड्यांनंतर फार थांबवत नाहीत, म्हणून १८ मार्चला दाखल करून घेतले आणि १९ मार्च २०२४ रोजी दुपारी मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. अशा बाळांची साखर जन्मानंतर एकदम उतरू शकते, म्हणून पहिल्या तासातच तिला अंगावर घेतले, आणि टाचेतून थेंबभर रक्त घेऊन तासाने व नंतर दर चार तासांनी तपासले. सगळे आकडे ४५ च्या वर राहिले. इन्सुलिन त्याच दिवशी बंद झाले. प्रसूती, तपासण्या, औषधे आणि जेवण यांचा खर्च जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे लागला नाही. घरी परतायला १०२ क्रमांकाची गाडी मिळाली. सुट्टीच्या कागदावर ‘सहा आठवड्यांनी साखर तपासणी’ असे लिहिले आहे का, ते पाहूनच निघावे.

मला वाटले होते की आता सुटले. प्रत्यक्षात बाळंतपणाचा महिना आहाराच्या दृष्टीने अधिक अवघड होता. एका बाजूला आईने आणि आत्याने प्रेमाने केलेले डिंकाचे लाडू, खारीक-खोबरे, गुळाचा शिरा, तुपातला मऊ भात. दुसऱ्या बाजूला वजन लवकर उतरावे म्हणून धान्य सोडण्याचा फोनवरचा सल्ला, जो आता पुन्हा सुरू झाला, कारण ‘आता पोटात बाळ नाही’. आहारतज्ज्ञ मॅडमनी दोन्हींबाबत स्पष्ट सांगितले होते. स्तनपान करणाऱ्या आईला गरोदर बाईपेक्षाही अधिक कर्बोदके लागतात, दिवसाला सुमारे २१० ग्रॅम, कारण दुधातली साखर आईच्या ग्लुकोजपासूनच बनते आणि पहिल्या सहा महिन्यांत तिला रोज ६०० उष्मांक जास्त लागतात. स्वीडनमधील डॉक्टरांनी २०१५ साली अशा एका स्तनदा मातेची नोंद प्रसिद्ध केली आहे, जिला मधुमेह नव्हता, पण कर्बोदके अगदी कमी आणि स्निग्धांश जास्त असलेल्या आहाराने तिच्या रक्तात आम्लता धोकादायक वाढली आणि रुग्णालयात ग्लुकोज देऊन ती सावरली. सतत मळमळ, उलट्या, धाप लागणे, हातापायातले त्राण जाणे ही त्याची लक्षणे आहेत; अंगावर पाजणाऱ्या बाईला अशी लक्षणे दिसली तर दवाखान्यात जाताना ती काय खात होती आणि काय सोडले होते ते आवर्जून सांगावे.

म्हणून मी भाकर वाढवली, कमी केली नाही: सकाळी ४०, दुपारी ८०, रात्री ६० ग्रॅम पीठ, शिवाय दुपारी लहान वाटी भात. तूप, दाणे, अंडी, वरण होते तसेच राहिले. आईने डिंकाचे लाडू गुळाऐवजी थोड्या खारकेवर, अधिक मेथी, खोबरे, अळीव आणि तूप घालून लहान बांधले आणि मी दिवसाला एकच खात असे. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत आहे. एप्रिलमधल्या वर्ध्याच्या उन्हात ती पाळणे मला मान्य नव्हते आणि प्रत्येक वेळी पाजायला बसताना मी तांब्या जवळ घेत असे. दूध कधी कमी पडले नाही. वजन महिन्याला साधारण किलोभर उतरत गेले, त्यासाठी वेगळे काही केले नाही.

सहा आठवड्यांची तपासणी २६ एप्रिलच्या लोकसभा मतदानामुळे अलीकडे-पलीकडे होत होती. एसटीच्या गाड्या आणि आरोग्य केंद्राचे कर्मचारी दोन्ही त्या कामात होते. शेवटी ३० एप्रिलला झाली. ही तपासणी मात्र उपाशीपोटी असते. उपाशी ९२ आणि ग्लुकोजनंतर दोन तासांनी १३२, म्हणजे साखर पूर्ववत झाली होती. तरीही पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त राहते, म्हणून दरवर्षी तपासणी आणि पुढच्या गरोदरपणात नोंदणीच्या पहिल्याच दिवशी ती करायची, असे डॉक्टरांनी लिहून दिले.

सप्टेंबरमध्ये मुलीला वरचे अन्न सुरू झाले तेव्हापासून मी पट्ट्या घेणे थांबवले आहे. वजनकाटा स्वयंपाकघरातच आहे आणि भाकर ६० ग्रॅमचीच होते, आता घरातल्या सगळ्यांची. पुढची तपासणी एप्रिल २०२५ मध्ये ठरली होती. तिची तारीख आशाताईंनी मुलीच्या लसीकरणाच्या पानावर लिहून ठेवली होती, कारण आई स्वतःचा कागद हरवते, बाळाचा हरवत नाही, असा त्यांचा अनुभव आहे.